कोलेस्टेरॉलची तपासणी : रिपोर्टआधी बिल वाचा



रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही मागच्या खोलीत तासभर बसतो. कुणी बीपी मोजून घेतं, कुणी गोळ्यांची पट्टी पुढे करून "ही कशाची?" म्हणून विचारतं. नर्सिंगचा डिप्लोमा करून आम्ही बरीच वर्षे वॉर्डात काढली. तिथे पेशंटचा रिपोर्ट आमच्या हातात यायचा, बिल कधीच यायचे नाही. आता वस्तीत काम करताना उलटे झाले आहे. लोक आधी बिल दाखवतात.

मागच्या महिन्यात असेच एक भाऊ आले. वय ५२, एका सिक्युरिटी एजन्सीत वॉचमन. दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या नळीत स्टेंट बसलेला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. म्हणाले, "सिस्टर, टेस्ट झाली, पण या महिन्याच्या गोळ्या राहिल्या. पैसे तिकडेच संपले."

आम्ही आधी विचारले, गोळ्या किती दिवस बंद आहेत? म्हणाले, नऊ दिवस. ऐकून छातीत धस्स झाले. स्टेंट बसलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, ते जिवावर बेतते. त्याच दुपारी त्यांना डॉक्टरांकडे पाठवले आणि गोळ्या पुन्हा सुरू करून घेतल्या. मग बिल हातात घेतले.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोनच शब्द होते : लिपिड प्रोफाइल. लॅबचे बिल मात्र असे होते. लिपिड प्रोफाइल ६०० रुपये. टोटल कोलेस्टेरॉल १५०. ट्रायग्लिसराइड्स २००. एलडीएल डायरेक्ट ३५०. व्हिटॅमिन डी १,१००. होम कलेक्शन १००. एकूण २,५०० रुपये.

आमच्या शेजारी वस्तीतलीच एक मुलगी बसली होती. ती नवी मुंबईत मेडिकल कोडिंगचे काम करते, म्हणजे अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिले इथे बसून कोडमध्ये मांडते. तिने कागद पाहिला आणि लगेच म्हणाली, "सिस्टर, यात तर एकच टेस्ट दोनदा लावली आहे. आमच्याकडे असा क्लेम गेला असता तर विमा कंपनीने परत पाठवला असता."

तिला जे एका नजरेत दिसले, ते आपल्या प्रत्येक घराला दिसावे म्हणून हा लेख.

मोजतात तीन, छापतात आठ

कोलेस्टेरॉल हा चरबीसारखा पदार्थ. आपले यकृतच तो तयार करते आणि शरीराला तो लागतोही. पण रक्तात तो जास्त झाला तर रक्तवाहिन्यांच्या आतून थर धरतो. वाढलेले कोलेस्टेरॉल अंगाला जाणवत नाही, म्हणून रक्त तपासूनच ते कळते.

या तपासणीला लिपिड प्रोफाइल म्हणतात. रिपोर्टवर सात-आठ ओळी असतात, म्हणून आपल्याला वाटते की सात-आठ टेस्ट झाल्या. पण मशीनवर प्रत्यक्ष मोजतात ते बहुतेक वेळा तीनच आकडे : एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्स. बाकीचे आकडे बेरीज-वजाबाकीने काढलेले असतात.

भाऊंचाच रिपोर्ट घेऊ. एकूण कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड्स १९०. आता ट्रायग्लिसराइड्सला पाचाने भागा, ३८ आले. हे झाले व्हीएलडीएल. एकूण २१२ मधून एचडीएलचे ३८ आणि व्हीएलडीएलचे ३८ वजा करा, उरले १३६. हे झाले एलडीएल, ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो. २१२ मधून फक्त एचडीएल वजा केले की १७४, हे नॉन-एचडीएल. २१२ ला ३८ ने भागले की साधारण ५.६, हा रेशो. सातवीतल्या मुलाला वहीवर करता येईल असा हिशोब आहे. एलडीएल काढायची ही रीत १९७२ सालची आहे, तिला फ्रीडवाल्ड सूत्र म्हणतात, आणि आजही कितीतरी लॅब तिच्यावरच चालतात.

या हिशोबाला एक मर्यादा आहे. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले तर हे सूत्र चालत नाही. तेव्हा एलडीएल वेगळे मोजावे लागते, त्याला डायरेक्ट एलडीएल म्हणतात. अशा वेळी ती टेस्ट योग्यच आहे, तिचे पैसेही योग्य आहेत. डॉक्टरांनी काही कारणाने चिठ्ठीवर ती लिहून दिली असेल तरी ठीक. पण भाऊंचे ट्रायग्लिसराइड्स होते १९०, आणि डॉक्टरांनी ती लिहिलेली नव्हती.

बिलात पैसे कुठे जातात?

गेल्या काही वर्षांत आम्ही वस्तीतली बरीच बिले पाहिली. त्याच त्या जागा पुन्हा पुन्हा सापडतात.

पहिली जागा दुबार टेस्टची. लिपिड प्रोफाइल लावले की त्यात एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्स आलेच. मग त्याच बिलात यांतले एखादे नाव पुन्हा वेगळे दिसले तर विचारा. ताटाचे पैसे घेतल्यावर त्यातल्या भाकरीचे वेगळे पैसे कुणी मागत नाही.

दुसरी जागा पॅकेजची. "नुसत्या लिपिडला एवढे, त्यात थोडे घातले तर फुल बॉडी होईल," असे काउंटरवर सांगतात. स्वस्त वाटते. पण डॉक्टरांनी न सांगितलेल्या चाळीस टेस्ट केल्या तर त्यातला एखादा आकडा इकडे-तिकडे निघतोच, मग त्याच्यामागे आणखी टेस्ट, आणखी हेलपाटे. चिठ्ठीवर जे आहे तेवढेच करा. जास्तीचे वाटले तर आधी डॉक्टरांना विचारा.

तिसरी जागा वरखर्चाची. घरी येऊन रक्त नेले तर होम कलेक्शनचे पैसे समजू शकतो. भाऊ तर ड्यूटीवरून सुटून स्वतः चालत लॅबमध्ये गेले होते. काही बिलांवर "अर्जंट चार्ज" असतो, तोही न मागता. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा : लॅबच्या रक्ततपासणीवर जीएसटी नाही. ही आरोग्यसेवा करमुक्त आहे. बिलात जीएसटीची ओळ दिसली तर ती कशाची, हे लेखी विचारा.

चौथी जागा पुन्हा पुन्हा केलेल्या टेस्टची. एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात गेलो की जुना रिपोर्ट बाजूला ठेवून नवी टेस्ट सांगतात. कोलेस्टेरॉल आठवड्यात एवढे बदलत नाही. गोळी सुरू केली किंवा तिचा डोस बदलला की ४ ते १२ आठवड्यांनी एकदा तपासतात, पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने ३ ते १२ महिन्यांनी. म्हणून जुने रिपोर्ट जपा आणि डॉक्टरांसमोर ठेवा. हे रिपोर्ट असताना पुन्हा करायची गरज आहे का, हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

उपाशीपोटीचाही गोंधळ असतो. बऱ्याच लॅब दहा-बारा तास उपाशी राहायला सांगतात. पण साध्या तपासणीसाठी उपास दर वेळी गरजेचा नाही, असे युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ मध्येच सांगितले आहे. ट्रायग्लिसराइड्स जास्त असतील तर मात्र उपाशीपोटीच बघतात. तेव्हा डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. "चहा पिऊन आलात, आता उद्या या" म्हणून परत पाठवले की रोजंदारीवरच्या माणसाची अख्खी हजेरी जाते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर न विचारता उपाशी राहूच नये.

कोडची भानगड काय आहे?

कोडिंग करणाऱ्या त्या मुलीने आम्हाला जे समजावले ते थोडक्यात सांगतो.

अमेरिकेत प्रत्येक टेस्टला ठरलेला नंबर असतो. हे नंबर तिथली अमेरिकन मेडिकल असोसिएशन ठरवते. लिपिड पॅनलचा नंबर ८००६१. त्याच्या पोटात तीन टेस्ट : एकूण कोलेस्टेरॉल ८२४६५, एचडीएल ८३७१८, ट्रायग्लिसराइड्स ८४४७८. एका दिवशी तिन्ही केल्या तर बिलावर एकच ८००६१ लावायचा. तिन्ही सुट्या करून लावल्या तर त्याला अनबंडलिंग म्हणतात आणि विमावाले ते बिल अडवतात. डायरेक्ट एलडीएलचा नंबर वेगळा, ८३७२१. शिवाय टेस्ट कशासाठी केली त्याचाही कोड द्यावा लागतो. रक्तातल्या चरबीच्या विकारांना जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ई ७८ हा गट आहे. कारण लिहिले नाही तर पैसे मिळत नाहीत.

आपल्याकडच्या लहान लॅबच्या बिलावरही कोड दिसतात, पण ते बहुधा त्या लॅबने स्वतःच्या सोयीसाठी केलेले असतात. समोरच्या लॅबचे कोड निराळे. त्यामुळे दोन बिले शेजारी ठेवली तरी पेशंटला काही जुळवता येत नाही. आणि तिथे बिल अडवायला विमावाला बसलेला असतो, इथे पैसे आपल्या खिशातून जातात. म्हणजे बिल तपासायचे कामही आपल्यालाच करावे लागणार. एवढेच म्हणा : "कोड नको, टेस्टचे पूर्ण नाव आणि तिच्यासमोर तिचा दर लिहून द्या."

घरात कुणाचा मेडिक्लेम असेल तर आणखी एक. नुसती बाहेरून केलेली रक्ततपासणी बहुतेक पॉलिसींत मिळत नाही. पण माणूस दवाखान्यात भरती झाला, तर त्याच आजारासाठी भरतीच्या आधी साधारण ३० दिवस आणि नंतर ६० दिवसांत केलेल्या टेस्टचे पैसे अनेक पॉलिसी देतात. आपल्या पॉलिसीत किती दिवस लिहिले आहेत ते पाहा. त्यासाठी तारखेचे बिल, रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी असे तिन्ही कागद लागतात. चिठ्ठीवर आजाराचे नाव लिहून घ्या.

बिलच येणार नाही अशा जागा

खासगी लॅबची पायरी चढण्याआधी हे बघा.

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. यात प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय येते. यातल्या अनेक ठिकाणी "महालॅब"ची सोय आहे. रक्त तिथे घेतात, तपासणी लॅबमध्ये होते आणि रिपोर्ट परत येतो. लिपिड प्रोफाइल त्या केंद्रात होते का आणि कोणत्या वेळी रक्त घेतात, हे आदल्या दिवशी विचारून जा. महापालिकांचे दवाखाने आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये या निर्णयात येत नाहीत. तिथे त्यांचे स्वतःचे दर असतात, पण बाहेरच्यापेक्षा कमी. केसपेपर काढा आणि विचारा.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत भरती होऊन उपचार होत असतील तर त्या उपचारासाठी लागणाऱ्या तपासण्या पॅकेजमध्येच धरलेल्या असतात. "ही टेस्ट बाहेरून करून आणा" असे सांगितले तर दवाखान्यात बसलेल्या आरोग्यमित्राला गाठा. योजनेचा फोन १५५३८८.

आता भाऊंकडे परत येऊ. त्यांच्या पिशवीत पगाराची चिठ्ठीही होती. पगार १६,००० रुपये. कपातीच्या रकान्यात लिहिले होते, ईएसआयसी १२० रुपये. आम्ही विचारले, "हे कशाचे कापतात?" म्हणाले, "काय माहीत सिस्टर, सगळ्यांचे कापतात."

ईएसआयसी म्हणजे राज्य कामगार विमा. दहा किंवा जास्त माणसे कामाला असलेल्या ठिकाणी, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा हा हक्क आहे. पगारातून पाऊण टक्का कापतात आणि मालकाला सव्वातीन टक्के भरावे लागतात. म्हणजे भाऊंचे १२० आणि एजन्सीचे ५२० असे ६४० रुपये दर महिन्याला त्यांच्या नावावर जात होते. त्यावर ईएसआयसीच्या दवाखान्यात त्यांची आणि घरच्यांची तपासणी, औषधे, डॉक्टर हे सगळे पैसे न देता मिळायला हवे. दीड वर्ष पैसे कापले गेले आणि भाऊंकडे कार्डसुद्धा नव्हते.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते, त्या काळात १९४३ साली प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचे काम दिले गेले. पुढे १९४८ साली हा कायदा झाला. आपल्या वस्तीतले सफाई कामगार, वॉचमन, मॉलमधल्या आणि हाउसकीपिंगच्या ताई यांच्यातल्या कितीतरी जणांचे पैसे आज या विम्यासाठी कापले जातात. आज घरी गेल्यावर पगाराची चिठ्ठी बघा. कपात असेल तर ठेकेदाराकडून विमा नंबर मागा, कार्ड काढा, घरच्यांची नावे घाला.

विचारायला घाबरू नका

लॅब कोणती निवडायची हे पेशंटने ठरवायचे असते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत हे लिहिले आहे, दर आधी कळण्याचा हक्कही त्यात आहे. "याच लॅबमध्ये जा" असे कुणी सांगितले तर शांतपणे म्हणा, "आमच्या सोयीच्या ठिकाणी करून आणतो." पेशंट किंवा रक्ताचा नमुना पाठवल्याबद्दल डॉक्टरांनी कमिशन घेणे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत बसत नाही.

रिपोर्टवर सही कुणाची आहे तेही बघा. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी स्पष्ट केले. नुसता शिक्का किंवा टेक्निशियनची सही असेल तर नंबरासहित डॉक्टरांचे नाव मागा.

बिलाबद्दल लॅब ऐकत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी नाही. पण हातात पक्के बिल असेल तरच. "बिल नको, पन्नास कमी द्या" याला भुलू नका.

लॅबमध्ये जाताना हा कागद कापून पाकिटात ठेवा :

• रक्त देण्याआधी विचारा : चिठ्ठीवरच्या टेस्टचे एकूण किती होतील?
• लिपिड प्रोफाइलमध्ये कोणत्या टेस्ट आल्या?
• चिठ्ठीबाहेरची टेस्ट लावू नका, असे आधीच सांगा.
• प्रत्येक टेस्टचे नाव आणि दर लिहिलेले छापील बिल घ्या.
• बिल आणि चिठ्ठी शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवा.
• बिल, रिपोर्ट, चिठ्ठी एका फायलीत ठेवा.

भाऊंचे पुढे काय झाले?

सोमवारी आम्ही चिठ्ठी आणि बिल घेऊन भाऊंबरोबर लॅबमध्ये गेलो. भाऊ दारातच थांबत होते. म्हणाले, "जाऊ द्या सिस्टर, उगाच वाद नको." आम्ही म्हटले, वाद करायचाच नाही, फक्त विचारायचे आहे. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "पॅकेजमध्ये असतं." आम्ही चिठ्ठी पुढे ठेवली आणि लिपिड प्रोफाइलमध्ये काय काय येते ते त्यालाच वाचायला सांगितले. थोड्या वेळाने मालक आले. दुबार लावलेले टोटल कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड्स, न केलेले होम कलेक्शन, न सांगितलेले डायरेक्ट एलडीएल, असे ८०० रुपये परत दिले. व्हिटॅमिन डीचे १,१०० काही मिळाले नाहीत. "टेस्ट झाली, रिपोर्ट दिला," म्हणाले. ते पैसे गेले ते गेलेच. आधी विचारले असते तर वाचले असते.

त्या ८०० रुपयांतून त्याच दिवशी जनऔषधी दुकानातून कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी घेतली. पुढच्या आठवड्यात ठेकेदाराकडून विमा नंबर आला. आता भाऊंची तपासणी आणि गोळ्या ईएसआयसीच्या दवाखान्यातून सुरू झाल्या आहेत. रांग मोठी असते, रजा काढावी लागते, पण गोळी खंडत नाही.

रिपोर्टमधला आकडा बघून घाबरायला होते, ते साहजिक आहे. पण आकडा कळून उपयोग तेव्हाच, जेव्हा त्यानंतरच्या गोळीला पैसे उरतात. छातीत दुखले, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला तर मात्र लॅबची वाट बघू नका, सरळ १०८ ला फोन करा.

येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही मागच्या खोलीत असूच. घरातली जुनी बिले आणि पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन या. सोबत घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलामुलींनाही आणा. वजाबाकी त्यांच्याकडूनच करून घेऊ.